खानापूरच्या रानातल्या खड्या वाटा आणि आपल्या फोर बाय फोर गाड्या

बेळगावहून जांबोटीमार्गे खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीच्या बाजूला जाणाऱ्या फोर बाय फोर (म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणाऱ्या) गाड्या अलीकडे बऱ्याच वाढल्या आहेत. गाडी हौसेने घेतली म्हणजे ती रानात न्यावीशी वाटणारच. पण खडी वाट जोरात चढून दाखवणे म्हणजे कौशल्य, ही समजूत मला अजिबात पटत नाही.

इकडच्या कित्येक चढणी किलोमीटरभरही लांब नसतात, परंतु खाली जांभ्याचा कठीण थर, त्यावर सुटे खडे आणि वर कुजका पाला असल्यामुळे ज्वारीच्या दाण्यांवरून पाय सटकावा तसे चाक निसटते. थारसारख्या गाडीत लो रेंज (वेग घटवून जोर वाढवणारी जादा गिअरची जोडणी) टाकल्यावर चाकांपर्यंत पोहोचणारा जोर सुमारे अडीच पट होतो आणि पहिल्या गिअरमध्ये ती माणसाच्या चालीने वर सरकते. तेवढी चाल पुरेशी असते. एखादे चाक अधांतरी राहिले, तर साध्या डिफरन्शियलमध्ये (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणाऱ्या यंत्रणेत) तेच गरगरत राहते आणि जमिनीवरच्या चाकाला गाडी ढकलण्याइतका जोर मिळत नाही. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबून नुसती माती उकरली जाते. मधेच इंजिन बंद पडले, तर ब्रेक धरून रिव्हर्स गिअर टाकावा आणि आलो त्याच रेषेत सरळ खाली यावे. चढावर गाडी आडवी वळवणे हे उलटण्याला आमंत्रणच आहे. उतरताना क्लचवर पाय ठेवू नये, कारण गाडी रोखून धरण्याचे काम तेव्हा इंजिन करीत असते.

आपण ज्याला ट्रेल म्हणतो, तो बहुतेक ठिकाणी कुणाचा तरी रोजचा रस्ता असतो. गवाळी, कोंगळा, पास्टोली, आमगाव या भागांत पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून वाहून न्यावे लागते, हे बेळगावच्या वर्तमानपत्रांत आपण दरवर्षी वाचतो (आणि पान उलटतो). ओल्या मातीत चाके फिरवून पाडलेल्या चाकोरीतूनच पुढच्या सरीचे पाणी धावते, ती खोल होऊन तिचा चर बनतो, आणि मग त्या वाटेने ना दुचाकी नीट जाते ना बैलगाडी.

शिवाय यांतली काही गावे २०११ साली घोषित झालेल्या भीमगड अभयारण्यात आहेत, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार बाहेरच्या माणसाला तिथे परवान्याशिवाय प्रवेश नाही. ‘वाट तर उघडीच होती’ या सबबीला काही अर्थ नाही.

तेव्हा जायचेच असेल, तर दिवाळीनंतर माती वाळल्यावर, अभयारण्याबाहेरच्या मालकीच्या रानात आणि जमीनमालकाला विचारून जावे. पहिली गाडी माथ्यावर पोहोचेपर्यंत दुसरी पायथ्यालाच थांबवावी, कारण घसरत मागे येणाऱ्या गाडीला चुकवायला त्या अरुंद वाटेवर बाजूला जागाच नसते.