माझं कर्ज फिटलं, दाजीकाकांचं काय?

होडीचं कर्ज परवा फिटलं. शेवटचा हप्ता भरला, पासबुकात शून्य छापून आलं, आणि आता मालवणात मान वर करून हिंडायचं असं ठरवून मी काऊंटरवरच्या मॅडमकडे बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज पुरतं फिटल्याचा कागद, मागितला. मॅडम घाटावरून नुकत्याच बदलून आलेल्या. संगणकावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "चेसिस नंबर?"

"होडीला चेसिस नसतं, मॅडम."

"मग सिस्टीम पुढे जात नाही."

"कर्ज देताना गेली होती."

"तेव्हा मी नव्हते."

या उत्तरावर आपल्या देशात कुठेही अपील नाही. इंजिनाचा नंबर आहे म्हटलं, दोन सिलिंडरचं आहे म्हटलं, नोंदणी क्रमांक होडीवर हातभर आकड्यांत रंगवलाय, बंदरावर चला, दाखवतो म्हटलं. पण त्या संगणकाला चाकांशिवाय तारण माहीत नव्हतं. शेवटी त्यांनी इंजिनाचाच नंबर दोन्ही रकान्यांत घातला आणि म्हणाल्या, "दाखला होईल आठ-पंधरा दिवसांत. जामीनदारांना एकदा घेऊन या. फाईलला त्यांची सही लागते."

घेऊन यायची गरजच नव्हती. जामीनदार मागच्या बाकावर बसले होते.

दाजीकाका म्हणजे माझ्या वडिलांचे मावसभाऊ. एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. दर महिन्याच्या पाच तारखेला ते बँकेत येतात. पेन्शनसाठी नाही, ती एक तारखेलाच होते. माझा हप्ता पडला की नाही हे शिपायाकडून काढून घ्यायला. 2018 च्या गणपतीनंतर त्यांनी माझ्या कर्जावर जामीनदार म्हणून सही केली. तेव्हापासून मी दोन ठिकाणी व्याज भरत आलोय. बँकेला रुपयांत आणि दाजीकाकांना सुरमईत. होडी लागली की माझ्या बायकोच्या आधी त्यांची पिशवी किनाऱ्यावर हजर. त्यातल्या त्यात बरं इतकंच की त्यांच्या व्याजाला सोमवार, संकष्टी आणि श्रावण माफ असे. बँकेला तेही नाही.

मासळीचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते लग्नांचं. कुठल्याही लग्नात पंगतीत माझ्या शेजारचा माणूस अनोळखी निघाला की दाजीकाका समोरच्या ओळीतून ओरडून ओळख करून देत, "ह्याच्या होडयेक मीया जामीन!" माझं नाव, गाव, शिक्षण, सगळं त्यात आलं. आमच्या घरी नवा टीव्ही आला त्या संध्याकाळी ते काठी टेकत आले, टीव्हीकडे पाठ करून बसले आणि म्हणाले, "हप्तो भरलंस मां?" बायको नवी साडी धुतली की पुढच्या अंगणात घालत नसे, मागच्या पडवीत वाळवी. पुढून दाजीकाकांची जा-ये असते.

तर ते बाकावरून उठून आले.

"कर्ज फिटला?"

"होय, दाजीकाका."

"सगळा?"

"सगळा."

"आणि माका इचारूक नाय?"

मला वाटलं थट्टा आहे. नव्हती. माणसाचा चेहरा खरोखर उतरला होता. त्यांनी काखेतली रेक्झिनची पिशवी काऊंटरवर ठेवली आणि एकेक कागद बाहेर काढायला सुरुवात केली. त्यांच्या सातबाऱ्याची झेरॉक्स. घरपट्टीची पावती. जामीनपत्राची झेरॉक्स, घडीवर फाटून मागून चिकटपट्टी लावलेली. आणि एक पासपोर्ट फोटो, त्या साली काढलेला. त्यात त्यांच्या मिशा काळ्याभोर आहेत. तो फोटो त्यांनी मॅडमसमोर धरला, मग स्वतःच्या पांढऱ्या मिशांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बघा, ह्या कर्जान काय केल्यान."

"आजोबा, कर्ज फिटलंय. तुम्ही मोकळे झालात," मॅडम म्हणाल्या.

"मग तशी चिठी द्या."

"जामीनदाराला वेगळा दाखला आम्ही देत नाही."

"कित्याक नाय? ह्येणी बुडवल्यान असता, तर नोटीस माका वेगळी इली असती मां?"

यावर मॅडमकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. रांगेतले लोक मात्र एकदम जागे झाले. दाजीकाकांना श्रोते मिळाले की त्यांच्यातला कंट्रोलर उभा राहतो. त्यांनी आवाज चढवला. "करार कायदो, 1872! कलम 128! जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच!" हे कलम त्यांना सही केल्यानंतरच्या आठवड्यात कुणा वकिलानं सांगितलं आणि तेव्हापासून ते रामरक्षेसारखं पाठ आहे. कलम खरंही आहे. म्हणूनच त्यावर हसता येत नाही. "तौक्ते इला तेवा रातभर जागो होतंय मीया! ह्याची होडी गेली तर माजी जमीन गेली!"

तौक्ते चक्रीवादळ आलं मे 2021 मध्ये. त्या रात्री दाजीकाका जागे असतीलही, पण स्वतःच्या माजघरात, कडी लावून. आम्ही चौघं कमरेएवढ्या पाण्यात होडीला दोर बांधत होतो. हे मी बोलूनही दाखवलं. कोणी ऐकलं नाही. रांगेतली एक बाई पदरानं डोळे टिपत म्हणाली, "बिचाऱ्यान सात वर्षां जीव मुठीत धरून काडल्यान." शिपायानं चहा आणला. तो दाजीकाकांना दिला. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. कर्ज मी फेडलं, व्याज मी भरलं, आणि सांत्वन चाललं होतं जामीनदाराचं.

मी हप्ते कसे भरले याचा हिशेब मांडत बसत नाही, पण एक सांगायलाच हवं. आमच्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. मासे अंडी घालतात, त्यांना सुट्टी मिळायला हवी, नियम योग्यच आहे. माशांना सुट्टी, खलाशांना सुट्टी, इंजिनालाही सुट्टी. हप्त्याला नाही. 2019 मध्ये ऐन हंगामात आधी क्यार चक्रीवादळ आलं आणि त्याच्या पाठोपाठ महा. पुढच्या मार्चात लॉकडाऊन लागलं आणि मासळी असूनही घ्यायला माणूस नव्हता. मग तौक्ते. हे सगळं सरतं न सरतं तोवर बाहेरून येऊन मोठ्या जाळ्यानं अख्खा थवाच घेरून नेणारे पर्ससीनवाले आणि मासे ओढायला रात्री समुद्रात दिव्यांची दिवाळी करणारे एलईडीवाले. 2016 पासून पर्ससीनला मर्यादा घातलेल्या आहेत. त्या कागदावर उत्तम दिसतात.

याच काळात माझा सख्खा साडू घाटावर ऊस आणि सोयाबीन करत होता. 2017 मध्ये दीड लाखापर्यंतची कर्जमाफी आली, 2019 मध्ये दोन लाखांपर्यंतची. त्याचं पीककर्ज त्यात बसलं. बसू दे, शेतकऱ्याला मिळालं याचं मला दुःख नाही. नियमित फेडणाऱ्या शेतकऱ्यांनाही 50,000 पर्यंत प्रोत्साहन देऊ केलं होतं. मी चौकशीला गेलो तेव्हा कळलं, तुम्ही शेतकरी नाही. मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा द्यायचं मंत्रिमंडळानं ठरवलं ते एप्रिल 2025 मध्ये. तोवर माझे मोजकेच हप्ते उरले होते. म्हणजे मी शेतकरी झालो तो नेमका कर्ज संपता संपता. या कामगिरीबद्दल बँकेनं मला एक बॉलपेन दिलं. त्यावर बँकेचं नाव आहे आणि ते उठत नाही.

दाखला अजून आलेला नाही. तो घेऊन मत्स्यव्यवसाय कार्यालयात जायचं, मग नोंदणीतलं बँकेचं नाव निघायचं. पुतण्यानं मोबाईलवर रिझर्व्ह बँकेचा नियम शोधून दाखवला: कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत कागद परत, नाहीतर उशिराच्या दर दिवसाला 5,000 रुपये. 1 डिसेंबर 2023 पासून लागू. वाचून मला गुदगुल्या झाल्या. बँकेनं वर्षभर झोपा काढल्या तर दुसरी होडी येईल, असा हिशेबही मी करून टाकला. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "तो नियम वैयक्तिक कर्जांना. तुमचं व्यावसायिक." त्याच संध्याकाळी बँकेचाच मेसेज आला, 'प्रिय ग्राहक, आपल्यासाठी कर्ज मंजूर झाले आहे.' त्यासाठी चेसिस नंबर कोणी मागितला नाही.

आता सुखाचं सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल याला कर्जच बरं होतं.

बँकेच्या कर्जातून होडी आणि इंजिन आलं, पण जाळ्यांना पैसे पुरले नाहीत. त्यासाठी मी एका मासळी व्यापाऱ्याकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली होती. उचल घेतली की मासळी त्यालाच घालायची, भाव तो सांगेल तो. तो टोपलीत हात घालून एक सुरमई उचलायचा, शेपटीकडून धरायचा, नाक मुरडायचा आणि म्हणायचा, "नरम असा." अर्ध्या तासापूर्वी पाण्यातून काढलेली सुरमई, नरम! आणि मी गप्प. ती उचल आधी फिटली, मग बँक. परवा त्यानं नेहमीसारखी सुरमई उचलली आणि नाकाकडे नेली. तो "नरम" म्हणायच्या आत मी ती त्याच्या हातातून काढून परत टोपलीत ठेवली आणि टोपली लिलावाला लावली. भाव फार वर गेला असंही नाही. किलोमागे थोडा. पण त्याचा तो हवेत राहिलेला हात मी दिवसभर आठवत होतो, आणि रात्री जेवताना मला एकट्यालाच हसू येत होतं. बायकोनं नवी साडी पुढच्या अंगणात वाळत घातली. रस्त्यावरून दिसेल अशी, दोन काठ्यांवर ताणून.

दाजीकाकांनी ती पाहिली. आत आले, बसले, पाणी प्यायले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नवीन कर्ज कदी घेतंस?"

"नाय घेवचा, दाजीकाका."

"असा कसा? इंजिन जुना झाला. माजी सय असा मां अजून."

मला त्यांची कीव आली आणि रागही आला. तेवढ्यात मला माझं येणं आठवलं. डिझेलवरच्या कराचा परतावा सरकार आम्हा मच्छीमारांना देतं, सोसायटीमार्फत, आणि नेहमी उशिरा. माझी बरीच रक्कम तिकडे अडकलीय. आमचा हप्ता एक दिवस चुकला तर दंड, त्यांचा परतावा वर्षभर रखडला तर 'निधी उपलब्ध झाल्यावर'. म्हटलं, "दाजीकाका, मी आता कोणाचा देणा लागनय नाय. सरकार माजा लागता. सरकाराक जामीन रवतास काय?"

त्यांनी हे हसण्यावारी नेलं नाही. काठीवर हनुवटी टेकून नीट विचार केला.

"रवलंय असतंय," ते म्हणाले. "पण सरकार सुरमय देतला काय?"