तो जहाजावरच्या बंदूकधारी गार्डचा फॉरवर्ड चुकीचा आहे

वास्कोच्या आमच्या ग्रुपवर कालपासून फिरतंय की व्यापारी जहाजावर बंदूक घेऊन चढणाऱ्या खाजगी गार्डना सैनिकासारखंच संरक्षण असतं, पुरावा म्हणून दिलंय की केरळजवळ दोन मच्छीमारांना मारणारे इटलीचे गार्ड कसे सुटले. माझा भाऊ जहाजावर आहे, गोव्यात घरटी असं कोणीतरी असतंच, म्हणून लिहितोय.

२०१२ च्या त्या प्रकरणातले, एन्रिका लेक्सी या इटलीच्या जहाजावरचे ते दोघे खाजगी नव्हतेच, इटलीच्या नौदलाचे मरीन होते. सरकारी ड्युटीवर होते म्हणूनच २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने भारतात खटला चालणार नाही म्हटलं, पण भरपाई द्यायला लावली, आणि १० कोटी जमा झाल्यावर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने केस बंद केली.

खाजगीवाल्यांचं काय होतं ते २०१३ मध्ये तुतीकोरिनला दिसलं. सीमॅन गार्ड ओहायो, अमेरिकन कंपनीचं जहाज, त्यावरचे ३५ जण परवान्याशिवाय शस्त्रं आणली म्हणून धरले, त्यात ब्रिटिश, एस्टोनियन, आपले भारतीयसुद्धा. २०१६ मध्ये ५ वर्षांची शिक्षा झाली, २०१७ च्या नोव्हेंबरात मद्रास हायकोर्टाने निर्दोष सोडलं, तोपर्यंत घरच्यांचे काय हाल झाले असतील विचार करा.

आणि त्यांना ‘भाडोत्री सैनिक’ म्हणणंही चूक, युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या प्रोटोकॉलप्रमाणे त्यासाठी युद्ध चालू असावं लागतं आणि माणूस स्वतः त्यात लढायला हवा, चाच्यांपासून जहाज राखणारा त्यात बसत नाही. अशी नोकरी घेणाऱ्या पोरांनी शस्त्राचा परवाना कुठल्या देशाचा आणि कुठल्या बंदरात चालतो हे आधी विचारा.