अ‍ॅडम स्मिथ कंपनीचा माणूस? त्याची पत्रं काही वेगळंच सांगतात

‘अ‍ॅडम स्मिथ हा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस. कंपन्यांच्या कारभारात सरकारने नाक खुपसू नये म्हणणारा, साम्राज्याचा पाठीराखा, सरकारी खात्यांचा वैरी.’ या आशयाचा फॉरवर्ड मला दोन ग्रुपांवर आला. एकात कौतुकाने, दुसऱ्यात शिव्या देत. मजकूर तोच! चारही मुद्द्यांना अठराव्या शतकातल्या या स्कॉटिश अर्थतज्ज्ञाच्या स्वतःच्याच पत्रव्यवहारात उत्तरं आहेत.

कंपनीचा माणूस? यात चिमूटभर तथ्य आहे. १७६९ साली कंपनीने बंगालचा कारभार तपासायला तीन पर्यवेक्षक धाडले. त्यांचं ‘ऑरोरा’ जहाज आफ्रिकेच्या दक्षिणेचं केप सोडल्यावर जे गडप झालं ते झालंच. १७७२ मध्ये नवं मंडळ पाठवायचं घाटत होतं, तेव्हा विल्यम पल्टनी या खासदार मित्राने संचालकांकडे स्मिथचं नाव सुचवलं. ३ सप्टेंबरच्या पत्रात स्मिथने त्याचे आभार मानले. मित्रांचं त्यांच्या पाठीमागे भलं करायची तुझी जुनीच खोड, असा सूर. नकार दिला नव्हता, हे कबूल. पण मंडळ निघालंच नाही आणि स्मिथने कंपनीची चाकरी एक दिवसही केली नाही. चार वर्षांनी आलेल्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या आपल्या ग्रंथात त्याने लिहिलं की कंपनीच्या नोकराला कधी एकदा हा देश सोडतो असं झालेलं असतं, पैसा गाठीला बांधून तो निघाला की दुसऱ्या दिवशी भूकंपाने सगळा देश गिळला तरी त्याला सुतक नाही. कंपनीच्या माणसाने असं लिहिलं असतं?

‘कंपन्यांना मोकळं सोडा’ हा दावा तर सपशेल उलटा आहे. मे १७८३ मध्ये त्याने प्रकाशक स्ट्रॅहनला कळवलं की नव्या आवृत्तीत ब्रिटनमधल्या सगळ्या व्यापारी कंपन्यांचा छोटा पण संपूर्ण इतिहास घालतोय. १७८४च्या तिसऱ्या आवृत्तीत तो आला. त्यात ईस्ट इंडिया कंपनीचा जमाखर्च आहे: बंगालचा महसूल हातात येऊनही सरकारचे ४ लाख पौंड थकलेले, जकात थकलेली, बँकेचं कर्ज डोक्यावर, हिंदुस्थानातून काढलेल्या १२ लाखांहून जास्त पौंडांच्या हुंड्या डोळे मिटून स्वीकारलेल्या. मग पार्लमेंटपुढे १४ लाखांच्या कर्जासाठी पदर पसरणं आलंच. दुसऱ्याचा पैसा सांभाळणारे संचालक तो स्वतःच्या पैशासारखा जपत नाहीत, हे त्याचं निदान. भागभांडवली कंपनी (शेअर विकून भांडवल उभारणारी) त्याला फक्त चार धंद्यांत नीट चालेलशी वाटत होती: बँक, विमा, कालवे आणि शहराचा पाणीपुरवठा.

बरं, हे नुसतं पुस्तकात नाही. नोव्हेंबर १७८३ मध्ये ब्रिटिश मंत्री चार्ल्स फॉक्सने कंपनीचा कारभार पार्लमेंटने नेमलेल्या आयुक्तांकडे देणारं विधेयक आणलं. मराठ्यांशी सालबाईचा तह होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं आणि लढायांच्या खर्चाने कंपनी पुन्हा गाळात होती. स्मिथने विल्यम ईडन या राजकारणी मित्राला डिसेंबरमध्ये पत्र लिहून विधेयकाचं आणि फॉक्सच्या धडाडीचं मनापासून स्वागत केलं. पार्लमेंटच्या वरच्या सभागृहाने, म्हणजे लॉर्ड्सनी, ते पाडलं, ती गोष्ट वेगळी.

साम्राज्याचा पाठीराखा? ऑक्टोबर १७८२ मध्ये जॉन सिंक्लेअर या स्कॉटिश खासदाराला त्याने लिहिलं की संरक्षणाचा खर्च मायदेशाच्या बोकांडी आणि बदल्यात ना महसूल ना फौज, असे दूरदेशीचे मुलूख निरुपयोगी आहेत. जिब्राल्टर हा त्याच्या लेखी नुसता ओसाड खडक. अमेरिकेतलं युद्ध पेटलेलं असताना, फेब्रुवारी १७७८ मध्ये वेडरबर्न या सरकारी कायदा अधिकाऱ्यासाठी केलेल्या टिपणात तर त्याने कॅनडा फ्रान्सला आणि फ्लोरिडा स्पेनला देऊन टाकण्याची युक्ती मांडली होती. म्हणजे स्वतंत्र झालेल्या वसाहती त्या दोघांच्या धाकाने ब्रिटनला धरून राहतील. यात नीतीपेक्षा हिशेब जास्त आहे, आणि त्याला संत ठरवायची मला हौस नाही.

राहिला सरकारी खात्यांचा वैरी. हा गृहस्थ १७७८ पासून १७९० मध्ये मरेपर्यंत स्कॉटलंडच्या कस्टम्सचा आयुक्त होता! जानेवारी १७८० मध्ये त्याने ईडनला सांगितलेला किस्सा असा: रुजू झाल्यावर बंदी असलेल्या मालाची यादी वाचली आणि स्वतःचे कपडे तपासले, तर गळपट्टे, झालरी, हातरुमाल, जवळपास सगळंच बेकायदा. उदाहरण घालून द्यावं म्हणून त्याने ते जाळून टाकले. अशी बंदीच उठवावी, त्याऐवजी माफक जकात घ्यावी, असं त्याचं म्हणणं होतं. तोवर ईडनने मात्र स्वतःचे किंवा बायकोचे कपडे तपासण्याच्या भानगडीत पडू नये, हा सल्लाही त्याच पत्रात आहे.