दोन पॅनल, एक गिझर आणि फुकटच्या गरम पाण्याचा दावा

थंडी पडू लागली की मराठवाड्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. दावा असा: साडेपाचशे वॅटची दोन सोलर पॅनल गच्चीवर ठेवा, त्यांच्या वायरी थेट घरच्या गिझरला जोडा. इन्व्हर्टर नको, बॅटरी नको, महावितरणकडे अर्ज नको. जन्मभर गरम पाणी फुकट. लोक तो खरा मानून पुढे पाठवतात. त्यातल्या एका गोष्टीने न्हाणीघरात जीव जाऊ शकतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन बोलू या.

खरं आहे ते आधी. गिझरच्या पाणी तापवणाऱ्या कॉइलला एसी (घरच्या लाइनची वीज) काय नि डीसी (पॅनलची वीज) काय, दोन्ही सारखेच. करंट वाहिला की ती तापते. पण गिझर म्हणजे नुसती कॉइल नव्हे, आणि मेसेज नेमका तिथेच तुटतो.

मेन स्विच बंद करून गिझरचं खालचं झाकण उघडा. आत थर्मोस्टॅट दिसेल. त्याच्या अंगावर बारीक अक्षरांत बहुधा 16 अ‍ॅम्पिअर, 250 व्होल्ट असं छापलेलं असतं आणि शेजारी लाटेसारखी एक छोटी खूण. ती खूण एसीची. पाणी हवं तेवढं तापलं की थर्मोस्टॅट आतले पॉइंट उघडून करंट तोडतो. आपल्याकडचा एसी करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे पॉइंट उघडताना उडालेली ठिणगी लगेच विझते. पॅनलचा डीसी शून्यावर येतच नाही. पॉइंट सरकले तरी मधली ठिणगी वेल्डिंगसारखी जळत राहते; पॉइंट वितळून एकमेकांना चिकटतात, नाहीतर आजूबाजूचं प्लास्टिक पेट घेतं. चिकटले की तोडणारं कुणी उरत नाही आणि ऊन असेपर्यंत पाणी तापतच राहतं. जास्त तापल्यावर तोडणारा कटआउटही एसीसाठीच बनवलेला. मग भिस्त उरते ती प्रेशर व्हॉल्व्हवर, आणि आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात तो क्षारांनी जाम होतो. भिंतीवरच्या साध्या स्विचचीही तीच गत. शिवाय पॅनलच्या वायरी घरच्या बोर्डातून जातच नाहीत, म्हणजे शॉक लागला तर लाइन तोडणारा तिथला आरसीसीबी स्विच कामाला येणार नाही.

दुसरा दावा, 1100 वॅटची पॅनल म्हणजे गिझरला 1100 वॅट मिळणार. हे साध्या गणितातही बसत नाही. 230 व्होल्टवर 2000 वॅट खाणाऱ्या कॉइलचा रोध साधारण 26 ओहम असतो. दोन पॅनल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडली तर अशा कॉइलवर भर उन्हात 90 व्होल्टच्या आसपास मिळतात. म्हणजे करंट साडेतीन अ‍ॅम्पिअर आणि हाती येणार जेमतेम 300 वॅट. पॅरललमध्ये, म्हणजे शेजारी-शेजारी जोडली तर 80 वॅटच्या आसपास. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला सुमारे 0.7 युनिट लागतं. विजेवर 20-22 मिनिटांचं काम, इथे कडक उन्हातही दोन तासांच्या वर. पॅनलचे पैसे 1100 वॅटचे मोजायचे आणि काम 300 वॅटचं घ्यायचं, याला बचत म्हणवत नाही.

आता वेळेचं बघा. परभणीचा पारा डिसेंबरात पाच अंशांखाली गेलेला आपण पाहिलाय. अशा दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि पॅनलला खरा जोर नऊनंतर येतो. शाळेची पोरं आणि ड्यूटीवाले सहाला आंघोळीला बसतात. आदल्या दुपारी तापवलेलं पाणी चांगल्या इन्सुलेशनच्या टाकीत सकाळपर्यंत बऱ्यापैकी टिकतं, हे मान्य. पण 15 लिटरची टाकी पाच माणसांना पुरायची कशी?

महावितरणकडे अर्ज नको, हा तर मेसेजमधला सगळ्यात तोट्याचा सल्ला. खरी सोय त्या अर्जातच आहे. ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेलं सोलर आणि आलेली-गेलेली दोन्ही वीज मोजणारा नेट मीटर असेल तर दुपारी जास्तीची वीज ग्रिडला जाते आणि पहाटे गिझरने खाल्लेले युनिट त्यातून वळते होतात. गिझरला हात लावायचा नाही, थर्मोस्टॅट एसीवरच चालतो. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 2 किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे 30,000 रुपये आणि 3 किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला 78,000 रुपये केंद्राचं अनुदान आहे. थेट जोडलेल्या दोन पॅनलना ते मिळत नाही. एक मात्र आधीच सांगतो, कारण विकणारे सांगत नाहीत: लाइट गेली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टरही बंद पडतो, ऊन कितीही असो.

फक्त गरम पाणीच हवं असेल तर ट्यूबवाला सोलर वॉटर हीटर तेवढ्याच जागेत पॅनलपेक्षा जास्त उष्णता पकडतो. तरी मराठवाड्यात मी पॅनलच निवडेन. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचंच पाणी हात भाजतं, तेव्हा ट्यूबा बसून राहतात आणि पॅनल कूलर चालवतं.

गिझरसाठी वेगळीच पॅनल लावायची असतील तर पॅनलचा करंट थर्मोस्टॅटमधून जाता कामा नये. थर्मोस्टॅटने फक्त इशारा द्यायचा आणि तोडायचं काम डीसीसाठी बनवलेल्या कॉन्टॅक्टरने (इशाऱ्यावर चालणाऱ्या दणकट स्विचने) करायचं. कॉइलही पॅनलच्या व्होल्टेजला जुळणारी हवी. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या.

आणि ज्यांनी आधीच थेट जोडणी केलीय त्यांनी ऊन असताना वायरी ओढून काढू नका. ठिणगी तिथेही विझणार नाही. अंधार पडल्यावर, पॅनल जाड कापडाने झाकून, मगच जोड सोडवा. थर्मोस्टॅट आणि कटआउट दोन्ही नवे टाका आणि प्रेशर व्हॉल्व्ह तपासून मगच गिझर पुन्हा विजेवर लावा.