एक्स्पॅट कोण, मायग्रंट कोण?

2025 च्या पावसाळ्यात मीरा रोडला मराठीवरून एका दुकानदाराच्या कानफटात बसल्या, तेव्हापासून आमच्या मुंबईच्या शाळेच्या ग्रुपवर 'मायग्रंट' शब्द रोज फिरतोय. लोकल भरली, मायग्रंट. फुटपाथ गेला, मायग्रंट. गंमत अशी की लिहिणारे निम्मे लोक दुबई, लंडन नाहीतर माझ्यासारखे सिंगापूरला, आणि स्वतःला म्हणवतात काय, तर एक्स्पॅट!

डिक्शनरी बघितली तर एक्स्पॅट म्हणजे मायदेशाबाहेर राहणारा, बस. मायग्रंट म्हणजे कामासाठी गाव सोडून आलेला. मग मी दोन्ही, आणि इथल्या साइटवर सळया बांधणारा तमिळ नाहीतर बांगलादेशी पोरगापण दोन्ही. काहीजण सांगतात एक्स्पॅट चार वर्षांसाठी येतो, मायग्रंट कायमचा. इथे तर नेमकं उलटं आहे. एम्प्लॉयमेंट पासवाला, म्हणजे ऑफिसातल्या बड्या पगाराच्या नोकरीवर आलेला, पीआरला (कायम राहायच्या परवान्याला) अर्ज करू शकतो, पगार पुरेसा असेल तर बायकापोरं आणतो. वर्क परमिटवाल्याला, म्हणजे साइटवरच्या त्या पोरासारख्या मजुराला, यातलं काही नाही, इथल्या मुलीशी लग्न करायचं तरी सरकारची परवानगी, आणि काम संपलं की चालते व्हा. सकाळी ही माणसं लॉरीच्या मागे फळीवर बसून जाताना दिसतात, हेल्मेट मांडीवर, वर छप्पर आणि बाजू उघड्या. मी टॅक्सीत मागे बसून बेल्ट लावला नाही तर दंड, त्यांना बेल्टच नाही. 2020 मध्ये कोविडचे रोजचे आकडेसुद्धा वेगळे यायचे, डॉर्मिटरीतले, म्हणजे या मजुरांच्या वसतिगृहांतले एवढे आणि बाकी शहरातले एवढे.

थोडक्यात काय, फरक पगाराचा आणि व्हिसाच्या रंगाचा.

आता मुंबईत या. मराठी आलीच पाहिजे, यात माझं दुमत नाही, पहिलीपासून हिंदीचा जीआर जून 2025 मध्ये सरकारला मागे घ्यावा लागला तेव्हा मीपण खूश झालो होतो. पण आग्रह धरतो कुणापाशी? रिक्षावाला, वॉचमन, पाणीपुरीवाला. बीकेसीतल्या बड्या ऑफिसांत वीस वर्षं काढून मराठीचं एक वाक्य न येणारा बडा साहेब आपल्या लेखी मायग्रंट नाहीच, त्याच्याशी आपणच इंग्रजीत सुरू. (मलापण इथे कुणी मँडरिन येतं का विचारलेलं नाही, कारण तेच.) आणि कोकणातून येऊन लालबाग-परळला एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गिरणीवाले, ते आपले चाकरमानी, त्यांना कुठे कोण मायग्रंट म्हणतंय!

माझं म्हणणं एवढंच, सुरुवात वरून करा. बँकेतल्या मॅनेजरला, टॉवरमधल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला मराठीत बोलायला लावा, बघू किती जमतं ते. पाणीपुरीवाल्याची काळजी नको, गिऱ्हाईक मराठीत बोललं तर तो दोन महिन्यांत शिकतो, पण तिथे उभं राहून "भैया, तीखा कम डालना" कोण म्हणतं, आपणच ना?