माया आहेच, पण नाकातली नळी?

नमस्कार काका (वय लिहिलंत म्हणून काका म्हणते),

शेवटच्या दिवसांतले पेशंट सांभाळणाऱ्या मावशींना प्रशिक्षण हवं, या माझ्या लेखावर तुम्ही चिडून लिहिलंत : "माणूस जाताना जवळ बसायला कसला कोर्स? आमच्या आईकडे येणाऱ्या मावशी चौथी पास होत्या, पोटच्या लेकीसारखं केलं त्यांनी. सर्टिफिकेटं आली की मावशी पुरवणारे ब्युरोवाले दर वाढवणार, बाकी काही नाही."

त्या मावशींच्या मायेबद्दल वादच नाही. पण आपल्या आज्या गेल्या तेव्हा घरात नाकातली नळी नव्हती, लघवीची पिशवी नव्हती, ऑक्सिजनचं मशीन नव्हतं. आता 'घरी न्या' म्हणतात तेव्हा हे सगळं पेशंटबरोबर घरी येतं आणि रात्री त्याच्याजवळ असते ती बारा तासांच्या ड्युटीवरची मावशी. नळीतून भरवताना डोक्याकडची बाजू उंच हवी, नंतरही अर्धा तास तशीच ठेवायची, हे तिला आपोआप कसं कळावं?

कधी कधी तर मायाच आड येते. गिळता न येणाऱ्याला 'दोन घास तरी' म्हणत मऊ भात भरवतात आणि तो श्वासनलिकेत जातो. अखेरच्या दिवसांत भूक मरते, कारण शरीरच आवरतं घेत असतं. हे कोणी सांगत नाही, म्हणून सून स्वतःला दोष देत बसते आणि गावाहून आलेली नणंद त्यात भर घालते. (नणंदांनी रागावू नये.) गंगाजलाला आम्ही नाही म्हणत नाही. चमच्यानं घशात ओतू नका, बोळा भिजवून ओठ-जीभ ओली करा, एवढंच आमच्या मावशींच्या वर्गात शिकवतो.

घशातल्या घरघरीनं तर घर हादरतं. थुंकी गिळता किंवा खोकून काढता येत नाही, म्हणून तो आवाज येतो. पेशंट बहुधा शुद्धीवर नसतो, त्रास ऐकणाऱ्यांनाच जास्त. कुशीवर वळवावं, डॉक्टरांना कळवावं, त्यावर औषधं आहेत. श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होणं, पाय गार पडणं, गुडघ्यांवर निळसर डाग दिसणं, या खुणा ओळखणारी मावशी नर्सला वेळेवर फोन करते आणि मुलाला आजच बोलावून घ्यायला सांगता येतं. न ओळखणारी घाबरून अँब्युलन्स बोलवायला लावते. घरीच शेवटचा श्वास घ्यायची इच्छा असलेला माणूस मग कॅज्युअल्टीत जातो.

मॉर्फिन या वेदना कमी करणाऱ्या औषधाचंही तसंच. 'हे शेवटचं औषध' म्हणून घरचे डोस लपवतात. मावशीनं स्वतःच्या मनानं डोस द्यायचा नाहीच, पण वेळ लिहून ठेवायची आणि या औषधानं पोट साफ होत नाही म्हणून त्याचीही गोळी चालू आहे ना, हे विचारायचं.

सगळ्यात अवघड असतं बोलणं. "मी वाचत नाही ना गं?" असं आजोबांनी विचारलं की दहातल्या नऊ जणी म्हणतात, "असं बोलू नये, बरे होणार तुम्ही." तिथं त्यांचं बोलणं तुटतं. आम्ही एकीला पेशंट करून खाटेवर झोपवतो, दुसरीला जवळ बसवतो. "असं का वाटतंय आजोबा?" एवढं विचारून गप्प राहायचं. किती दिवस राहिले ते सांगणं तिचं काम नाही. पहिल्यांदा सगळ्या हसतात, मग एखादी आपल्या सासऱ्यांची आठवण काढून रडते. त्या रडण्यालाही वर्गात वेळ ठेवावा लागतो, कारण पेशंट गेला की दुसऱ्या दिवशी तिला नव्या घरी पाठवतात.

आणि शिकायला डिग्री लागत नाही. १९९३ मध्ये कोळिकोडला डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी वेदनाशमनाचं काम सुरू केलं. पुढे केरळभर गल्लीतले शेजारी स्वयंसेवक म्हणून शिकले, नर्सबरोबर घरोघर गेले, आणि २००८ मध्ये तिथल्या सरकारनं त्यासाठी धोरणच आणलं. चौथी पास मावशी आमच्या वर्गात आरामात बसेल. लेखी परीक्षा नाही.

दराचं मात्र तुम्ही बरोबर बोललात. वर्गाला आलं की मावशीचा खाडा पडतो, कमिशन घेणारा ब्युरो दमडी देत नाही आणि शिकून आल्यावर वाढीव दर लावतो तो स्वतःसाठी. म्हणून मावशी ठरवताना ब्युरोला दोनच प्रश्न विचारा : ती शिकली त्या दिवसांचा रोज कोणी दिला आणि जास्तीच्या पैशांतले तिच्या हातात किती पडतात?