तारीख छापताय की लपवताय?

फरसाणाच्या पाकिटावर लिहिलंय, "तारखेसाठी पाकिटाची कड पाहा" म्हणे! पाहिली कड. सीलच्या चुण्यांत, गडद जांभळ्या रंगावर काळ्या ठिपक्यांची शाई, त्यातली अर्धी हाताळून हाताळून पुसलेली. उरलं काय, तर 'एलके०४२७बी३'. आता यातलं ०४२७ म्हणजे काय समजायचं? एप्रिल २०२७? सत्ताविसावा आठवडा? की मशीनचा नंबर? शेजारी 'यूएसपी ०.४०' असंही काहीतरी. तो एका ग्रॅमचा दर असतो, पण आमचे सासरे त्यालाच एक्सपायरी समजून बसतात. त्यांची काय चूक?

बॅच नंबर लागतो, मान्य. उद्या माल परत मागवायची वेळ आली तर कुठला लॉट ते कंपनीला कळायला हवं. पण तो कोड तुमच्या सोयीचा. आम्हाला सरळ दिवस-महिना-वर्ष हवंय, तेही कोडला न चिकटवता.

एफएसएसएआय, म्हणजे देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण, त्यांच्या २०२० च्या लेबल नियमांत बनवल्याची किंवा पॅक केल्याची तारीख आणि एक्सपायरी, दोन्ही सक्तीच्या आहेत. 'बेस्ट बिफोर' टाकायचं तर वरून टाका. आणि मजकूर ठळक, सहज वाचता येणारा, न पुसणारा हवा. न पुसणारा! इथे तेलाचं बोट लागलं की तारीख गायब. 'आता २०% जास्त' मात्र वर्षभर उन्हात ठेवा, हलायचं नाही. ती शाई कुठून आणता हो?

कुठे बनलं हे शोधायचं तर आणखी छळ. "कारखान्याच्या पत्त्यासाठी बॅच नंबरची पहिली दोन अक्षरं पाहा." म्हणजे आधी कडेवरची पुसट अक्षरं लावा, मग पाकीट उलटं करून मुंगीएवढ्या टायपातल्या डझनभर पत्त्यांत ती हुडका. बद्दी, हरिद्वार, रुद्रपूर... आणि कडेवरचं ते 'एल' आहे की 'आय', यावरच गाडी अडते. बरं, पाकीट फोडताना पहिली फाटते तीच कड! उरलेलं फरसाण डब्यात, तारीख कचऱ्यात.

दुकानदाराला विचारलं तर म्हणतो, "खा हो ताई बिनधास्त, कालच माल आलाय." अरे बाबा, तुझ्याकडे कधी आला ते नाही विचारलं. कारखान्यातून कधी निघाला ते सांग. ते त्यालाही वाचता येत नाही, म्हणून मला म्हणतो मोबाईलचा टॉर्च लावा.